कुटाला तेल सुटलं

मी स्वयंपाकाला नावं ठेवतो, असं आमच्या घरात म्हणतात. ते साफ खोटं आहे. मी निरीक्षण नोंदवतो. अठ्ठावीस वर्षं नाशिकरोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवल्यावर माणूस निरीक्षण नोंदवल्याशिवाय जेवू शकत नाही. आमटी किती आंबट झाली हे मी सांगणार, भाकरीला पापुद्रा आला नसेल तर तेही सांगणार. आणि कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट मिक्सरवर जरा जास्त फिरलं असेल, तर मी ते चमच्यात घेऊन उजेडात धरतो आणि म्हणतो, "चांगुणा, कुटाला तेल सुटलंय." यात राग येण्यासारखं काय आहे?

माझ्या बायकोला २००३ च्या डिसेंबरात, एका बुधवारी रात्री मी जेवत असताना, तो आला. तिने हातातला डाव पातेल्यात टाकला आणि कमरेवर हात ठेवले.

"पगारे सर," ती म्हणाली. ती मला 'अहो' सोडून 'सर' म्हणाली की काही खरं नसतं. "आजपर्यंत या घरात तुम्ही स्वतः काय शिजवलंय?"

मी चहासुद्धा केला नव्हता, पण ते कबूल करण्याची ती वेळ नव्हती.

"एक पदार्थ करा. कुठलाही. मी एक तुकडा खाईन. आपणहून दुसरा उचलला, तर जन्मभर बोला. नाही उचलला, तर ताटावर बसल्यावर तोंड फक्त खायला उघडायचं."

आमची मुलगी तृप्ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला हसता हसता ठसका लागला. मी बाणेदारपणे 'मंजूर' म्हणून टाकलं आणि रात्रभर तळमळलो. जेवताना गप्प बसायचं म्हणजे माझ्या दृष्टीने जेवायचंच नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. शाळेतली मुलं गेल्यावर मी बोलणार तरी कुठे?

पदार्थ असा हवा होता, की जो चांगुणाने आयुष्यात केलेला नाही. म्हणजे तुलना नको. तृप्तीने सायबर कॅफेतून एक कागद छापून आणला. पीनट बटरचे कुकी बार, वर चॉकलेटचा थर. छपाई काळीपांढरी होती, त्यामुळे चित्रात ते थेट भट्टीतल्या विटांसारखे दिसत होते. पण कृती नीट पायऱ्यापायऱ्यांनी दिली होती, आणि कृती वाचून प्रयोग करणं हा तर माझा धंदाच. लोणी आणि साखर फेटा, अंडी घाला, पीनट बटर घाला, मैदा घाला, ट्रेमध्ये थापून भाजा, वर वितळलेलं चॉकलेट पसरा, गार झाल्यावर वड्या कापा. यात अवघड ते काय?

मेनरोडवर केकचं सामान मिळणाऱ्या दुकानात चॉकलेटची लादी मिळाली. पीनट बटरची बाटली मात्र तीन दुकानांत विचारूनही मिळाली नाही.

"अहो बाबा, ते म्हणजे भाजलेले दाणेच असतात," तृप्ती म्हणाली. "नुसते फिरवत राहायचे. लोण्यासारखे होईपर्यंत."

माझा जीव भांड्यात पडला. दाण्यांतलं मला कळतं.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. चांगुणा बाहेरच्या खोलीत माझ्या खुर्चीत, माझं वर्तमानपत्र घेऊन बसली. ती निफाडची. तिथे हिवाळ्यात हात गारठून बधिर होतात, म्हणून आमच्याकडच्या थंडीला ती थंडी मानत नाही. मी मफलर गुंडाळून दाणे भाजले, पाखडताना निम्मी सालं स्वतःच्या अंगावर घेतली आणि मिक्सर सुरू केला.

पाच सेकंदांत उत्तम कूट झालं. मोकळं, रवाळ, हलकं. माझा हात आपोआप बटणावर गेला आणि मिक्सर बंद झाला.

तृप्तीने सांगितलं होतं, फिरवत राहा. मी पुन्हा सुरू केला. कूट बारीक झालं, भांड्याच्या कडेला चिकटायला लागलं, आणि मी पुन्हा बंद केला. खरंच सांगतो, पुढे जाववत नव्हतं. त्या क्षणाच्या पुढे दाण्याचं काय होतं, यावर मी या घरात इतकी भाषणं दिली होती, की माझंच बोट माझं ऐकेना.

"बंद का केला?" बाहेरून आवाज आला. ती पेपरातून मान वर न काढता नुसत्या आवाजावरून सगळं ओळखते.

"भांडं गरम झालंय," मी म्हणालो.

तिसऱ्यांदा मात्र मी डोळे मिटून बटण दाबून धरलं. आधी गोळा झाला, मिक्सर कण्हायला लागला, मग गोळा सैल पडला आणि एकदम तुकतुकीत, ओघळणारं पीठ भांड्यात फिरायला लागलं. वास असा सुटला की तृप्ती आतल्या खोलीतून धावत आली.

"तेल सुटलं वाटतं," बाहेरून चांगुणा म्हणाली. इतक्या वर्षांत तिच्या आवाजात एवढा आनंद मी क्वचित ऐकला होता.

आमच्याकडे ओव्हन नव्हता. कॉलनीत कोणाकडेच नव्हता. नानकटाई करायची झाली की बायका घरून पीठ मळून नेतात आणि कोपऱ्यावरच्या काळूभाऊच्या बेकरीत भाजून आणतात. सकाळचे पाव निघाले की भट्टीची आच उतरते, आणि त्या उतरत्या आचेवर घराघरांचे ट्रे आत जातात. मीही लोणी, साखर, अंडी, मैदा सगळं कागदाबरहुकूम मिसळून ट्रेमध्ये थापलं आणि रांगेत उभा राहिलो. रांगेत अकरा बायका आणि मी.

माझ्या पुढे शेवटच्या गल्लीतल्या झुंबरबाई होत्या. त्यांनी माझ्या ट्रेवरचं फडकं न विचारता उचललं.

"सर, लय सैल झालंय हे. नाय फुलायचं."

"ते फुलायचं नसतंच," मी म्हणालो.

"रंग पण मातीवानी दिसतोय. तूप कमी पडलं का?" आणि त्यांनी बोट लावून चाखलंसुद्धा. "गोड जरा कमीच हाय."

मागच्या दोघींनीही वाकून पाहिलं आणि आपापलं मत दिलं. मी सकाळपासून खपून, डोळे मिटून, मन मारून हे पीठ केलं होतं, आणि या बायका एका बोटावर निकाल लावत होत्या. मला असा संताप आला की मी फडकं ओढून घेतलं आणि 'अजून भाजलंही नाही!' असं जवळजवळ ओरडलो.

काळूभाऊंनी लांब दांड्याच्या फळीने ट्रे आत सारला. कागदावर लिहिलं होतं, मधे मऊ असतानाच बाहेर काढा. काळूभाऊंना ते पटेना.

"कच्चा माल मी हातात देत नाही, सर. उद्या तुमच्या मिसेस मला बोलतील."

"माझ्या मिसेस बोलत नाहीत, मी बोलतो," मी म्हणालो, आणि रांग खो खो हसली. या वादात दोन मिनिटं गेली आणि एक कड करपली.

घरी येऊन मी उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाटी ठेवून चॉकलेट वितळवलं, त्यात उरलेलं पीनट बटर घोटलं आणि वर पसरलं. डिसेंबरच्या गारव्यात ते तासाभरात घट्ट झालं. मी पट्टीने मोजून वीस वड्या पाडल्या. करपलेली कड कापून मी स्वतः खाल्ली.

चांगुणाने वडी उचलली. पुढे जे झालं ते मी तोंडी परीक्षेत कोणत्याही विद्यार्थ्याच्या बाबतीत केलेलं नाही. तिने ती छोटे छोटे चावे घेत, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत खाल्ली. चेहऱ्यावर रेषा हलली नाही. मी तिच्या हनुवटीकडे बघत उभा होतो.

"झालं," ती म्हणाली. हात धुतला आणि आत गेली.

तृप्तीने दोन खाल्ल्या, 'बाबा, भारी!' म्हणाली, पण तिचं मत पैजेत नव्हतं. मी चप्पल घातली आणि चक्कर मारून येतो म्हणून निघालो. कोपऱ्यावर गार वारा लागला तेव्हा लक्षात आलं की मफलर स्वयंपाकघरातच राहिला. मी परत फिरलो. तृप्ती मैत्रिणीकडे निघून गेली होती, दार नुसतं लोटलेलं होतं.

चांगुणा ओट्यापाशी उभी होती, माझ्याकडे पाठ करून, जराशी तिरकी. ताटली तिने शेगडीवरच ठेवली होती. ती दुसरी वडी खात होती. घाई नव्हती. चॉकलेटचा थर तिने दाताने अलगद सोडवला, तो आधी खाल्ला, मग खालचा भाग, मग बोट चाटलं. डोळे मिटलेले होते.

मी जिंकलो होतो. 'पकडली!' म्हणून ओरडायला तोंडही उघडलं होतं. आणि तसाच उभा राहिलो, कारण माझ्या बायकोला जेवताना मी कधी बघितलंच नव्हतं. आमची ताटं उठल्यावर ती आत जेवायची, हे मला माहीत होतं. काय जेवायची, गरम की गार, तिला काय आवडतं, हे इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या निरीक्षणात आलं नव्हतं. दुसऱ्याच्या हातचं, तिच्यासाठी केलेलं काही ती पहिल्यांदाच खात असावी. मी बोललो असतो तर तिने ती उरलेली वडी खाली ठेवली असती. मला फार लाज वाटली.

मी पाऊल न वाजवता मागे आलो, फाटकाबाहेर गेलो, कडी मोठ्याने वाजवली आणि दोनदा खोकलो. ती पदर सावरत बाहेर आली. ओठाच्या कोपऱ्याला चॉकलेट लागलेलं होतं.

"एकच खाल्ली हं मी," ती म्हणाली.

"माहितीये," मी म्हणालो. "हरलो मी."