कपाळावरून दातावर

मित्रांनो, माझ्या झाकणावरच्या पोच्यांना हसू नका. मी पितळेची जुनी मेणाची डबी आहे आणि या वयात मला नवी नोकरी लागली आहे.

इंझोरीच्या गोमतीबाईंनी मला पोहरादेवीच्या यात्रेत घेतले. त्या काळी बायका कपाळाला आधी मेण लावत आणि त्यावर कुंकू, म्हणजे ते दिवसभर टिके. गोमतीबाईंचे बोट रोज सकाळी माझ्यात फिरे. बोटाचे कुंकू लागून माझे मेणही लाल झाले. कुंकू लावावे तर गोमतीनेच, असे शेजारणी म्हणत आणि मी मनात फुगून जाई. पुढे त्यांचे यजमान वारले. त्या दिवसापासून माझे झाकण उघडले नाही. कोनाड्यात पडून मला फार वाईट वाटे.

यंदा त्यांची नात निकिता हिच्या दातांना तारा बसल्या. तेव्हापासून पोरगी तोंडावर हात धरूनच बोलायची. कडक काही खाऊ नको, असे वाशिमच्या डॉक्टरांनी बजावले होते. पण शेतात हरभऱ्याचा होळा भाजला आणि निकिताबाईंना राहवले नाही. एक करपलेला दाणा कटकन लागला, तारेचे टोक सुटून गालात खुपू लागले. तारा टोचू नयेत म्हणून त्यांवर लावायला डॉक्टरांनी दिलेले मेण संपलेले. दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी, दवाखाना बंद आणि शाळेत तिचे भाषण!

"आजी, मी नाई जात. तार खुपून राह्यली," ती रडवेली होऊन म्हणाली.

गोमतीबाईंनी मला कोनाड्यातून काढले.

"हे तं कुंकवाचं मेण हाय ना?"

"हाव. माह्या कपायाले आता कायले लागते? तुह्या गालाले लागू दे."

मेण बसले, टोचणे थांबले. निकिताने खणखणीत भाषण केले. पण बोलता बोलता कुंकू सुटले आणि दात लालभडक झाले. ललिताबाई मॅडम घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. निकिता माइकवरच म्हणाली, "रक्त नाई मॅडम, आजीचं कुंकू हाय."

सारी शाळा हसली. निकिताही हसली, तोंडावर हात न धरता. मागे बसलेल्या गोमतीबाई पदराने डोळे पुसत हसत होत्या.

डॉक्टरांनी टोक कापले, पांढरे मेण दिले, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगितल्या आणि कुंकू तोंडात घातल्याबद्दल आजी-नातीला चांगलेच झापले. गोमतीबाईंनी मला चिंचेने घासून, उकळत्या पाण्यातून काढून ते मेण माझ्यात भरले.

मित्रांनो, तार खुपली तर मुकाट्याने सोसू नका, घरी सांगा. जुन्या माणसांनाही सांगत जा.

निकिता रोज सकाळी मला आजीपुढे धरते, कारण माझे वाकडे झाकण तिच्याने उघडत नाही. गोमतीबाई हात धुऊन येतात. त्यांचे बोट पुन्हा माझ्यात फिरते आणि तार घासते तिथे त्या मेणाची इवली गोळी बसवतात.