कुलूपकाकांना वगळलं

“झोपल्यात त्या डब्या. तुमच्या एकट्यासाठी सगळ्यांना उठवू का आता?” साहेब बिस्किट चहात बुडवत म्हणाले आणि निरोपाला जमलेली माणसं हसली. ज्यांना विनोद कळला ती हसली, ज्यांना कळला नाही ती जरा जास्तच हसली.

कुलूपकाका हसले नाहीत. त्यांच्यापुढे टेबलावर भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ होतं. ज्याला उद्यापासून कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ द्यायची बुद्धी कुणाला सुचते, कोण जाणे.

“नियम आहे, साहेब. माणूस गेला की किल्ली बदलायची.”

“नियम तुम्हीच केलेला ना? मग तुम्हीच सोडा की. तुमच्यापासून कसला आलाय धोका? घरी बसून डोंगर पाडणार आहात काय?”

पुन्हा हशा. साहेबांनी दुसरं बिस्किट उचललं.

ही कचेरी डोंगर ऐकायची. उतारावर जागोजागी मुठीएवढ्या डब्या पुरलेल्या होत्या. माती केसभर सरकली तरी डबीला कळे. ती शेजारणीला सांगे, शेजारीण पुढचीला, आणि डोंगराच्या मनातलं असं कानोकान उतरत खाली कचेरीत येई. माती फारच सरकली तर उताराखालचा रस्ता आपोआप बंद होई. ही सगळी कुजबुज सांकेतिक. ती उलगडणारी किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा, सगळ्या डब्यांत आणि कचेरीतल्या माणसांच्या हातयंत्रांत एकच. किल्ली असेल त्याच्याशी डोंगर बोले, नसेल त्याला नुसती खरखर. म्हणून गटातून कुणी गेलं, की डब्यांना झोपेतून उठवून, गेलेल्याला वगळून, बाकी सगळ्यांना नवी किल्ली वाटायची. हे काम काकांचं. त्यावरूनच कचेरीने त्यांना ते नाव ठेवलं होतं, आधी पाठीमागे आणि मग तोंडावर.

काका काही लाघवी गृहस्थ नव्हते. बाकीच्यांना ते ढिसाळ समजत, आणि समजतात हे लपवतही नसत. कुणी हातयंत्र टेबलावर विसरून गेलं तर ते उचलून ठेवत, आणि मागायला आलेल्याकडे असं बघत, जणू तो अंथरूण ओलं करून आलाय.

त्यांना मित्र एकच होता, कचेरीतला सर्व्हेअर. दुसरीकडे चांगली नोकरी लागली म्हणून तो निघाला, त्या दिवशी त्याच्या निरोपाची भाषणं चालू असतानाच काकांनी किल्ली बदलली. सर्व्हेअरच्या खिशातलं यंत्र खरखरायला लागलं.

“अरे, चहा तरी संपू द्यायचास,” तो म्हणाला.

सगळ्यांनी काकांना माणूसघाणा ठरवलं. पण जाताना सर्व्हेअर दारात थांबला होता. खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, “बरं वाटलं रे. म्हणजे मी होतो म्हणायचा इथे.”

त्यानंतर कितीजण आले आणि गेले. जेमतेम एक हंगाम यंत्र खिशात वागवलेला हंगामी रखवालदार गेला, तेव्हासुद्धा काकांनी त्याच्यासाठी अख्खा डोंगर जागा केला होता.

“मग हे तरी परत घ्या,” आज स्वतःच्या निरोपाला काकांनी खिशातलं यंत्र साहेबांपुढे केलं.

“असू द्या हो. जुनं झालंय ते. नातवाला द्या खेळायला,” साहेब म्हणाले आणि हात पुसत उठले. समारंभ संपला.

घरी बायको स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. तिने मान वर न करता विचारलं, “काय दिलं?”

“घड्याळ.”

“आणखी एक? आहेत तीच एकमेकांशी भांडतात. आणि हातात काय ते?”

“यंत्र. परत घेतलं नाही त्यांनी. किल्लीही बदलली नाही.”

“विसरले असतील.”

“विसरले नाहीत. गरज नाही म्हणाले. मी काय करणार म्हणे.”

बायकोने सुरी थांबवली आणि खरंच कुतूहलाने विचारलं, “मग, काय करणार आहात?”

“काय करू शकतो ते विचार.”

“ते कशाला विचारू? लग्न झाल्यापासून त्या खिडकीची कडी बसवताय. अजून बसतेच आहे.” ती पुन्हा चिरू लागली. “अहो, फुकट मिळालंय तर बसा ऐकत. नाहीतर दिवसभर माझ्या फोडणीत नाक खुपसाल.”

संध्याकाळी काका गॅलरीत यंत्र कानाशी धरून बसले. डोंगर बोलत होता. कड्याखालची डबी म्हणाली, मी स्वस्थ आहे. ओढ्याकाठची म्हणाली, माझ्या पायाशी ओल आहे, पण मी स्वस्थ आहे. डोंगर बोले मातीला, माती बोले डबीला, डबी बोले डबीला, तोच जुना ताल. हा ताल ऐकत त्यांचे केस पांढरे झाले होते. आज मात्र त्यांना परक्या घराच्या खिडकीखाली चोरून उभं राहिल्यासारखं वाटलं. आतल्यांना माहीत आहे आपण उभे आहोत, आणि ते खिडकी लावून घेण्याची तसदीही घेत नाहीत. त्यांनी यंत्र बंद केलं.

सकाळी ते कचेरीत गेले. “करमेना का, काका?” फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं आणि नाव न लिहिताच आत सोडलं. तेही काकांना लागलं.

त्यांच्या खुर्चीत आता नवी इंजिनिअर बसली होती. हुशार होती आणि अदबीने बोलायची. एरवी फाटकाबाहेरच्या भाजीवाल्याशीही ती तितक्याच अदबीने बोलत असावी.

“मी साहेबांना पुन्हा विचारलं, काका. सगळ्यांना उठवलं की बॅटरी खर्ची पडते म्हणाले. एका माणसासाठी...”

“ते एका माणसासाठीच असतं.”

तेवढ्यात साहेब आपल्या खोलीतून डोकावले. “अहो, अजून इथेच? घरी आराम करा की जरा. तुम्ही गटात असलात काय नि नसलात काय, डोंगराला सांगायला गेलं तरी त्याला आठवायचं नाही.”

दार बंद झालं. काका बाहेर आले आणि हिरवळीच्या कडेला बाकावर बसले.

सगळ्यांची किल्ली एकच असल्याने डब्यांना एक गोष्ट कधीच कळत नाही, बोललं नेमकं कोण. आपल्यातलंच कुणीतरी बोललं, एवढंच कळतं. काका हातातल्या यंत्रावरून कड्याखालच्या डबीच्या नावाने बोलू शकत होते. ‘मी निसटले’ म्हटलं, की खाली रस्ता बंद, भोंगा सुरू, आणि साहेब चहाचा कप हातात घेऊन धावत बाहेर. त्यांचं बोट कळीवर गेलंसुद्धा. मग खाली वळणावर शाळेची बस दिसली, खिडक्यांतून हात बाहेर काढलेली, सावकाश चढणारी. काकांनी बोट असं मागे घेतलं, जणू कळ तापली होती. आपली आपल्यालाच किळस वाटली त्यांना. या लोकांना आपण ढिसाळ म्हणत होतो.

हिरवळीतही एक डबी होती, नव्या माणसांच्या सरावासाठी पुरलेली. तिचं बोलणं रस्त्यापर्यंत जात नसे, फक्त कचेरीतल्या पडद्यावर उमटून घंटा वाजे. काकांनी यंत्रावर तिचं नाव निवडलं. तिच्या तोंडून ते म्हणाले, मी हलले.

आत घंटा वाजली. साहेब तरातरा बाहेर आले, मागून इंजिनिअर. हिरवळ जिथल्या तिथे होती. बाकावर काका ताठ बसले होते. यंत्र त्यांनी लपवलं नव्हतं, गुडघ्यावर ठेवलं होतं.

“तुम्ही केलंत हे?”

“गटातल्या कुणीतरी केलं. तुमच्या किल्लीने एवढंच कळतं, साहेब.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. “लाज वाटते का काही? निरोप दिला, घड्याळ दिलं, भाषण केलं मी तुमच्यावर. पोलिसांत द्यायला पाहिजे तुम्हाला.” ते इंजिनिअरकडे वळले. “वगळा याला. आत्ताच्या आत्ता. सगळ्या डब्या उठवा. या माणसाचा काही भरवसा नाही.”

‘तुम्ही’चं ‘याला’ झालं होतं. काल ते काकांना हसून झटकत होते, आज दातओठ खाऊन झटकत होते. आजच्या तिरस्कारात चिमूटभर भीती होती, आणि काकांना तेवढी पुरली.

“बरोबर आहे,” ते म्हणाले आणि आत जाऊन, पडद्याकडे पाठ करून, दारापाशी उभे राहिले. वगळल्या जाणाऱ्याने पडद्याकडे बघायचं नसतं.

मागे कळफलक वाजत राहिला. डब्या एकेक करून जाग्या होत होत्या.

“झालं,” इंजिनिअर म्हणाली. “जुनी बंद करू का?”

“कड्याखालचीने नवी घेतली?”

तिने पडद्यावर शोधलं. “नाही अजून.”

“सावलीत असते ती. उशिरा उठते. थांबा तिच्यासाठी. नवी मिळाली नाही तर जुन्याच बोलीत बोलत राहील बिचारी, आणि तुम्हाला वाटेल मेली.”

साहेब काहीतरी पुटपुटत आपल्या खोलीत निघून गेले. दोघं थांबली. बऱ्याच वेळाने इंजिनिअर म्हणाली, “घेतली.”

काकांच्या हातात खरखर सुरू झाली. त्यांनी यंत्र कानाशी नेलं, डोळे मिटले आणि ती खरखर बारकाईने ऐकली. एखादा शब्द कुठून गळतोय का, एखादं ‘स्वस्थ आहे’ फटीतून येतंय का. काही येत नव्हतं.

“चांगलं वगळलंत,” ते म्हणाले. त्या कचेरीत त्यांच्या तोंडून कुणाची झालेली ही पहिलीच स्तुती. यंत्र त्यांनी टेबलावर ठेवलं.

“काका,” ती म्हणाली, “साहेबांचं मनावर घेऊ नका.”

“त्यांचं नाही घेत,” काका म्हणाले आणि चपला घालून निघाले.

घरची वाट उताराखालून जात होती. ज्या ठिकाणी डोंगर रस्त्यावर ओणवा होतो, तिथे एक दिवा आहे, डब्या स्वस्थ असल्या की हिरवा, नाहीतर लाल. येणारे-जाणारे त्याच्याकडे बघून पुढे जातात. काकांनी त्याच्याकडे कधी मान वळवली नव्हती; दिव्याला कळायच्या आधी त्यांना कळत असे. आज ते तिथे आले आणि थबकले. वर नुसता डोंगर होता. गवत, दगड, एक वाकडं झाड. कुणी काही बोलत नव्हतं.

“चला आजोबा,” मागून पिशव्या घेऊन येणारी बाई म्हणाली, “हिरवा आहे.”

काकांनी दिवा नीट बघून घेतला. मग तिच्या मागोमाग, सगळे जातात तसेच, वर न बघता, झपाझप पावलं टाकत ते उताराखालून निघून गेले.