डावीकडे झुकलेला तराजू

मित्रांनो, शिक्षक घडवणाऱ्या एका विद्यालयात काचेचे कपाट आहे. त्याच्या दुसऱ्या फळीवर सोनेरी कागदात गुंडाळलेला, डावीकडे झुकलेला जो जुना तराजू दिसतो, तो मी. माझ्यापुढे पाटी आहे: ‘उत्कृष्ट साधन. हात लावू नये.’ त्या पाटीचा मला वीट आला आहे.

मला बनवणारी मुलगी तेव्हा शिक्षिका होण्याचे शिक्षण घेत होती. घरी तिला बारकी म्हणत. साधन टाकाऊ वस्तूंतून करायचे होते, म्हणून तिने भावाचा तारेचा हँगर उचलला आणि बरण्यांची दोन सारखी झाकणे दोऱ्यांनी त्याच्या टोकांना टांगली.

“आता शर्ट कुठे अडकवू? तुझ्या नाकावर?” भाऊ म्हणाला.

“इस्त्री तरी कुठे करतोस, दादा? खुर्चीवर टाक, नेहमीसारखा.”

तिने मला खिळ्याला अडकवले. दोन्ही झाकणांत पाच-पाच सारख्या गोट्या ठेवल्या. मी सरळ आडवा राहिलो. एक गोटी वाढवली, तसा झुकलो. तिने बाजू बदलून सहा-सात वेळा ताडून पाहिले. चौथीच्या वर्गावर तिचा परीक्षेचा पाठ होता. मुलांनी आपल्या हातांनी वस्तू तोलून पाहाव्यात, एवढेच तिच्या मनात होते. मलाही दुसरे काही नको होते.

पण पाठाआधी साधन विद्यालयात शिकवणाऱ्या बाईंना दाखवावे लागे. वीस गुणांपैकी दहा गुण आकर्षकतेचे होते.

“हे काय उघडंबोडकं? सोनेरी कागद लाव याला. आणि इकडे एखादी बाहुली चिकटव.”

“बाई, बाहुलीनं ती बाजू जड होईल.”

“परीक्षकांना काय भाजी तोलायचीय? बघायचंय फक्त.”

बारकीने पुठ्ठ्याची बाहुली डावीकडे चिकटवली आणि उजवीकडे चिकणमातीचा गोळा लावून तोल साधला. पाठाची घंटा झाली, तेवढ्यात बाईंनी तो गोळा खुडून टाकला. घाण दिसतो, म्हणाल्या.

वर्गात दोन वेण्यांची एक मुलगी पुढे आली. तिने एकाच पाकिटातले दोन कोरे खोडरबर माझ्या झाकणांत ठेवले. मी डावीकडे झुकलो.

“ताई, हा चुकतोय. दोन्ही सारखेच आहेत.”

मागच्या बाकावर परीक्षक लिहीत होते. बारकीचा हात बाहुलीपर्यंत गेला आणि मागे आला.

“समजा, सारखे दाखवतोय,” ती म्हणाली.

मुलगी खोडरबर उचलून जागेवर जाऊन बसली. नंतर तोलायला कोणीच पुढे आले नाही.

मला अठरा गुण मिळाले आणि मी कपाटात गेलो. निकालानंतर बारकी एकदा आली होती. “बाई, बाहुली तेवढी काढते, पाच मिनिटांचं काम आहे,” ती म्हणाली. बाई म्हणाल्या, “आता ते विद्यालयाचं झालं. राहू दे, छान दिसतंय.” ती तशीच परत गेली.

तेव्हापासून दरवर्षी नवे विद्यार्थी माझ्यासमोर उभे राहतात, वहीत माझे चित्र काढतात आणि त्यावरून आपापले तराजू बनवतात. कागद तोच, बाहुलीही त्याच बाजूला.

गेल्या आठवड्यात एक विद्यार्थिनी आपला नवा तराजू हातात धरून आली. तिचा चेहरा उतरला होता.

“अगं, माझा डावीकडेच जातो. कुठे चुकलं कळत नाही.”

मैत्रिणीने माझ्याकडे बोट दाखवले. “हा बघ, हाही तसाच आहे. म्हणजे बरोबर आहे तुझा.”

दोघी समाधानाने निघून गेल्या. मी काचेआड तसाच लटकत राहिलो.

म्हणून सांगतो मित्रांनो, माझी एवढी काळजी घेऊ नका. कपाटाची किल्ली मागा. नाही दिली, तर पुन्हा मागा. मला बाहेर काढून हा सगळा साज ओरबाडून टाका आणि मुलांच्या हाती द्या. त्यांच्या हातून माझी तार वाकेल, दोरे तुटतील, झाकणे हरवतील. हरवू देत. घरोघरी हँगर आहेत, दुसरा तराजू दहा मिनिटांत होईल. पण एखाद्या मुलीने ‘हा चुकतोय’ म्हटले, तर तिला जागेवर बसवू नका.