उजव्या पायाचा देव

पेणजवळच्या जोहे गावात सकाळपासून नारळ फुटत होते आणि माझं डोकं उठलं होतं. महिपतीच्या कारखान्यात, न रंगवलेल्या गणपतींच्या रांगेत, त्याची बायको रंभा उजवा गुडघा पोटाशी घेऊन पडली होती. मूर्तींचे डोळे आखणारी ही पोर कालपासून पाय सरळ करत नव्हती.

"देवानं आसन घेतलंय गो!" गुणाजी भगत ओरडत होता. "त्यात उजवा पाय! उजव्या सोंडेचा हाय, कडक हाय!"

गाव मूर्तिकारांचं. आसन म्हटल्यावर सगळ्यांना पटलंच. वर गुणाजीचा पुरावाही तयार. त्यानं रंभाचं पोट दाबलं. मऊ! "आजार असता तं पोट दगड नसतं झालं?" मग त्यानं तिचा पाय मागे ओढला. रंभा किंचाळली. गर्दीनं हात जोडले, सासू धोंडुबाई गुणाजीच्या पाया पडली.

मी शाळेतला मास्तर, माझं कोण ऐकतो? मूर्ती घेऊन निघालेल्या टेम्पोत बसून पेण गाठलं आणि त्याच टेम्पोतून डॉक्टर सबनीसबाईंना घेऊन आलो.

"आधी कुठं दुखलं?" बाईंनी विचारलं.

"बेंबीशी," धोंडुबाई म्हणाली. "मंग ओकली. मंग दुखणं मागं कमरंत गेलं. अंग तापलंय, पन तो देवाचा ताप हाय."

बाईंनी रंभाला डाव्या कुशीवर वळवून उजवा पाय हळूच मागे नेला. पुन्हा तीच किंकाळी.

"अपेंडिक्स आहे. भगतबुवांनी तपासणी अगदी आमच्यासारखी केली, अर्थ तेवढा भलताच लावला. कधीकधी अपेंडिक्स आतड्यामागे दडलेलं असतं, म्हणून पुढून पोट मऊ लागतं. पण ते मांडी उचलणाऱ्या स्नायूला टेकलेलं असतं. पाय ताणला की कळ, दुमडला की आराम. हेच तुमचं आसन. आत्ता ऑपरेशन हवं."

"चतुर्थीपर्यंत हलवायची नाय!" गुणाजी गरजला.

तेवढ्यात रंभानं डोळे उघडले. "आत्याबाय, थांबलं. दुखायचं थांबलं."

एकच जयघोष झाला. "बघा! देव पावला!" गुणाजीनं तिच्या गळ्यात हार घातला. बाईंनी नाडी धरली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"धोंडुबाई, ही बरी झालेली नाही. आत ते फुटलंय. फुटलं की ताण सुटतो, घटकाभर बरं वाटतं. मग पू पसरतो आणि माणूस जातं."

"नि देव कोपला तं?"

"तुमच्या सुनेला वाचवलं म्हणून कोपेल, असा देव तुम्ही कधी घडवलात का?"

म्हातारीनं सुनेच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांकडे पाहिलं. "महिप्या, गाडीत पेंढा टाक!"

गुणाजी टेम्पोला आडवा झाला. महिपतीनं त्याला बखोटीला धरून बाजूला केलं. मूर्ती नेतात तशी रंभाला पेंढ्यावर निजवून आम्ही पेणला नेलं. पोटात खरंच पू झाला होता. फार हाल झाले, पण पोर वाचली.

गुणाजी आता सांगत फिरतो की देव वाटेत उतरला. मला याचा भयंकर संताप येतो. देवाला खुशाल हात जोडा, पण दुखणारं पोट आधी डॉक्टरला दाखवा. आणि दुखणं आपोआप थांबलं तर नारळ फोडू नका, आणखी घाई करा.

परवा गुणाजीच्याच नातवाचं पोट दुखू लागलं. टेम्पोला पहिली हाक गुणाजीनंच मारली.