सोळा माणसं, दोन गाड्या

खेड्यातल्या माणसाला अंतर विचारू नये. "हे काय, हितंच" म्हणत तो तुम्हाला तासभर चालवतो, आणि त्यात त्याचा खोटेपणा नसतो. आपल्यापायी दुसऱ्याला त्रास नको, एवढंच त्याच्या मनात असतं. राजेश्री बोरीच्या शेतकऱ्याची लेक, तिला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच डायलिसिस केंद्राच्या गाड्यांचं वेळापत्रक करायला बसली तेव्हा तिनं एकेका पेशंटला स्वतः फोन लावला. "घरातून गाडीपर्यंत यायला किती वेळ लागतो?" "पाच मिनटं." "कोरड्यात की चिखलात?" असं खोदून खोदून विचारून ती पाचाचे पंधरा करून लिहायची.

राजेश्री परभणीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. केंद्र शहरातल्या एका धर्मादाय संस्थेचं. संस्थेच्या दोन क्रूझर गाड्या मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे निघायच्या, गावोगावचे किडनीचे पेशंट गोळा करायच्या आणि आठच्या आत केंद्रावर आणायच्या. ड्रायव्हर आपापल्या अंदाजानं फिरायचे आणि त्यात अकरा माणसं कशीबशी बसायची. आणखी पाच जण नाव लावून वाट बघत होते. ज्याला आठवड्यातून दोनदा रक्त धुवून घ्यावं लागतं त्यानं वाट बघायची म्हणजे काय, हे राजेश्रीला कुणी सांगायला नको होतं. तिची माय, कडूबाई, त्या अकरांतलीच एक होती.

आठ गावं असली तर कुठून सुरू करून कुठं संपवायचं याच्या चाळीस हजारांवर तऱ्हा होतात, गाड्या दोन झाल्या की मोजदादच नको. माणसानं डोकं आपटून घेतलं तरी त्यातली चांगली कोणती ते कळायचं नाही. संगणकाला मात्र तीनच गोष्टी सांगाव्या लागतात: काय कमी करायचंय, काय मोडायचं नाही आणि माणसं कुठं आहेत. राजेश्रीनं सांगितलं, गाड्यांचा एकूण वेळ कमी कर. आठच्या पुढं जाऊ नको. दीड तासाच्या वर कुणाला गाडीत बसवू नको. आणि सोळा घरांच्या जागा नकाशावर टाकल्या.

पंधरा घरं तिनं विचारून टाकली. सोळावं विचारायचं काय? घर तर आपलंच. बोरीच्या बस थांब्यामागं, दोन मिनिटांवर. तिनं डोळे झाकून ते ठिकाण भरलं.

उत्तर निघालं. सोळाच्या सोळा बसत होते. संस्थेचे डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले आणि ज्या पाच घरांत फोन गेले तिथं त्या दिवशी काय झालं असेल ते न सांगितलेलंच बरं. राजेश्रीला तर आभाळ ठेंगणं झालं. तिनं मायला फोन केला. "माय, सगळे बसले गं! एकही माणूस बाहेर राहिला नाही."

"लय भारी काम केलंस बाई," कडूबाई म्हणाली.

त्या वेळी ती घरात नव्हती. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी होती. दर साली पोळा झाला की सोयाबीन घरात येईपर्यंत राजेश्रीचा बाप बन्सीधर आणि कडूबाई आखाड्यावर राहायला जात. रानडुकरं एका रात्रीत वावर उलथंपालथं करतात, राखण करावीच लागते. यंदा दुखण्यामुळं माय गावातच राहील असं राजेश्रीनं धरलं होतं. पण राखणीला जायचं तर बन्सीधर बायकोला एकटीला गावात कसा ठेवणार? आणि परभणीत लेकीच्या सासरी मुक्काम करायचा म्हटलं की कडूबाई कानावर हात ठेवायची. तेव्हा दोघं गुपचूप आखाड्यावर गेली. लेकीला कळलं तर ती रागवेल म्हणून सांगितलं नाही. लेकीनंही विचारलं नाही.

आखाडा गावापासून अडीच किलोमीटर, पांदणीनं. वाटेत आखाड्याच्या अलीकडं ओढ्यावर नळ्यांचा पूल आहे, तिथवर मुरूम टाकलेला. दत्ता ड्रायव्हर पूर्वी क्रूझर थेट पुलापर्यंत न्यायचा आणि हॉर्न देऊन कडूबाईला बोलवायचा. नवा कागद हातात आला त्यात लिहिलेलं: बोरी, बस थांबा, सहा वाजून दहा मिनिटं, थांबायचं चार मिनिटं.

"काकू, मी ताईला सांगतो," दत्ता म्हणाला. "कॉम्प्युटरला जागा चुकीची दिली हाय."

"न्हाई न्हाई, तू काई बोलू नको," कडूबाई घाईनं म्हणाली. "सोळा माणसं बसवली तिनं, मोठ्या मुश्किलीनं. गाडी माझ्याकडं वळली तर टायमाचा घोळ होईल, एखाद्याचं नाव जाईल. मी येते की चालत. हाय किती, हितंच तर हाय."

तिनं शपथच घातली तेव्हा दत्तानं मान डोलावली. त्याला गणितातलं काय कळणार? आणि कडूबाईला तरी काय कळत होतं? पण लेकीनं बांधलेली मोळी आपल्या हातानं सुटू नये, एवढं मात्र तिला कळत होतं.

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी सुजलेल्या पायांची ही बाई पाचच्या आधी आखाडा सोडू लागली. बन्सीधर पुढं बॅटरी घेऊन, मागं ती चपला हातात धरून. राजेश्री दुपारी डबा घेऊन केंद्रावर जायची तेव्हा मायच्या लुगड्याचा काठ चिखलानं भरलेला असायचा. एकदा तिनं विचारलंही. "थांब्यावर लय रेंदा हाय," माय म्हणाली. राजेश्रीला ते पटलं. पटायलाच हवं होतं, कारण डॉक्टर तिला शेजारच्या तालुक्याचंही वेळापत्रक करून द्याल का म्हणून विचारत होते, आणि तिचं सगळं लक्ष तिकडं होतं. ते सुख तिला नंतर फार टोचलं.

एका गुरुवारपासून झड लागली. शुक्रवारी कडूबाई आली नाही. राजेश्रीनं फोन केला तर म्हणाली, "अंगात कणकण हाय. मंगळवारी येते. पाणी कमी पितेय मी, अंगात साठायचं न्हाई, तू काळजी करू नको." राजेश्री म्हणाली, मी गाडी करून न्यायला येते. माय चिडल्यासारखी म्हणाली, "येऊ नको म्हणलं ना!" आखाड्याचं बिंग फुटेल म्हणून ती चिडली होती. राजेश्रीला वाटलं, दुखण्यानं वैतागली असेल.

मंगळवारी सव्वासहाला दत्ताचा फोन आला. "ताई, काकू आल्या न्हाईत अजून. फोन बी लागंना."

"अरे, घर मागंच आहे. हाक मार."

"हाक मारून उपेग न्हाई, ताई."

"म्हणजे?"

"ताई, ते घरी न्हाईत. पोळ्यापासून आखाड्यावर हायेत. काकू चालत येयलेत रोज. त्यांनी मला शपथ घातली व्हती."

दत्ता चारची नऊ मिनिटं थांबला. पुढं पाच माणसं रस्त्यावर उभी होती, त्याला निघावंच लागलं. त्याला दोष देता येत नाही. त्याच वेळी पांदणीत, निम्म्या वाटेवर, कडूबाईला दम लागला आणि ती बांधावर टेकली. "जरा बसते," एवढंच बन्सीधरला म्हणाली. तो बैलगाडी आणायला पळाला. तो परत येईपर्यंत ती गेलेली होती.

माणसं आली, रडली, दहावा झाला. त्या दिवशी दुपारी सगळे पांगल्यावर राजेश्रीनं गावातल्या घरी लॅपटॉप उघडला. बोरीच्या बस थांब्यावरचं मायचं ठिकाण उचलून तिनं ओढ्यावरच्या पुलापाशी नेलं. पांदणीतला वेग निम्माच धरला. बाकी सगळं तेच. आकडे-नकाशांवर पोसलेल्या त्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा देवाला विनवलं की उत्तर निघू नये. निदान एक माणूस तरी बाहेर पडू दे. म्हणजे माय दत्ताला म्हणाली होती ते खरं होतं, असं तरी होईल.

चार सेकंदांत उत्तर निघालं. पहिल्या गाडीचं एक गाव दुसरीकडं गेलं, दोन गावांचा क्रम उलटा झाला. सोळाच्या सोळा बसत होते. आठच्या आत. एकूण वेळ बारा मिनिटांनी वाढत होता.

राजेश्रीनं तोंडात पदर कोंबला तरी हुंदका बाहेर आलाच. तिनं एक फोन केला असता, परक्या माणसाला केला तसा, तर बारा मिनिटांत काम भागलं असतं. चाळीस हजार तऱ्हा धुंडाळल्या आणि आपल्या मायला एक साधा प्रश्न विचारला नाही.

हुंदका ऐकून बन्सीधर आत आला. शेजारी टेकला, पडद्यावरच्या रेघांकडं बघत राहिला.

"बाई, एक इचारू?"

"विचारा ना, बापू."

"तुझी माय म्हणायची, आपून गाडीला आत वळवलं तर कुणाचं तरी नाव जाईल. मी रोज म्हणायचो, अगं लेकीला सांगून तर बघू. ती ऐकंना." त्यानं पडद्याकडं बोट केलं. "खरंच का गं? तेच्यात ती बसत न्हव्हती का?"

पडद्यावर सोळा ठिपके होते आणि प्रत्येकाला जोडणारी रेघ होती. बन्सीधरला ती वाचता येत नव्हती. राजेश्रीनं लॅपटॉप मिटला.

"नव्हती बसत, बापू."

बन्सीधरनं मोठा श्वास सोडला. दहा दिवसांत पहिल्यांदाच त्याचे खांदे सैल झाले. "मंग बराबर व्हती ती," तो म्हणाला. "कुणाच्या तरी जिवासाठी चालत व्हती."

त्या संध्याकाळपासून भेटायला आलेल्या प्रत्येकाला तो ते सांगू लागला. सांगताना त्याची मान ताठ व्हायची आणि शेवटी तो लेकीकडं बोट दाखवून म्हणायचा, "इचारा की हिला, हिनंच केलंय सगळं गणित." माणसं राजेश्रीकडं बघायची, आणि ती दर वेळी मान हलवायची.