नवा दिसणारा बोर्ड

"मावशी, तो दारावरचा बोर्ड जरा घासून घ्या," मॅनेजर म्हणाला, तेव्हा ती ओलं फडकं घेऊन आली.

"फडकं नको, हा पॉलिशपेपर घ्या. फार नवा दिसतो तो. गिऱ्हाइकं हसतात, जुन्या जमान्याचं हॉटेल म्हणता आणि बोर्ड कालचा!"

हॉटेलात भिंतभर मुके रेडिओ, कंदील, पत्र्याचे डबे टांगलेले. सगळेच कोरे आणून मुद्दाम गंजवलेले. खरा जुना होता तो हा एकटा बोर्ड. भंगारातून आलेला, कधीच बंद पडलेल्या एका खाणावळीचा, लाल टपोऱ्या अक्षरांचा. ती खाणावळ तिच्या माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी होती. शिडीवर चढून ही अक्षरं रंगवणाऱ्याशीच पुढे तिचं लग्न झालं.

"साहेब, हा खरंच जुना आहे हो. आमच्या ह्यांनीच रंगवलाय."

"असेल मावशी. पण दिसायला नको का?" तो काही वाईट माणूस नव्हता. मालकाची बोलणी खाऊन तोही कावला होता. "संध्याकाळच्या आत उरका तेवढं."

नाही म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण नवऱ्याची नजर गेल्यापासून घर तिच्या एकटीच्या हातांवर चाललं होतं. आणि त्याला दिवसभरात वाट बघण्यासारखं एकच काही उरलं होतं, संध्याकाळी तिने येऊन बोर्डाची खबर सांगणं.

ती स्टुलावर चढली. खांदे भरून आले तरी लाल काही हलेना. "मेल्याने रंगाचे हात तरी किती दिलेत!" ती चिडून पुटपुटली आणि तिला रडूच फुटलं. लग्न नवं असताना तो फुशारकी मारायचा, "लाल उडून खालचं शेंदरी अस्तर दिसेल, तोवर आपली नातवंडं म्हातारी होतील." नातवंडं सोडा, मूलही झालं नाही. ऊन कललं तेव्हा अस्तर दिसलं.

"आता कसं जुनं वाटतं!" मॅनेजर खूश होऊन म्हणाला.

घरी नवरा नेहमीसारखा खाटेच्या कडेला बसला होता.

"काय म्हणतो आमचा बोर्ड?"

"काय म्हणणार? लोक म्हणतात, नवाच दिसतो."

"मग!" तो ताठ बसला. तिला वाटलं, सुटले. ताटं वाढून झाल्यावर उठायला त्याने तिचा हात धरला आणि तसाच थांबला. अंगठा तिच्या बोटांवरून फिरला. नखांतली भुकटी त्याने चिमटीत धरली, चोळली, नाकाशी नेली.

तिने हात ओढून घेतला नाही.

"घासायला लावला?"

"हो."

चिमटीतली भुकटी तो पुन्हा चोळत राहिला. मग हळूच म्हणाला, "अस्तर दिसलं का गं?"

"छे. लालच हलेना. शेवटी कंटाळून सोडून दिला."

"हलणार नाहीच," तो म्हणाला.

चाचपडत तो मोरीपर्यंत गेला, तांब्या भरला आणि तिला जवळ बोलावलं. तिच्या हातांवर तो पाणी ओतू लागला. निम्मं तिच्या पायांवर सांडत होतं.

"निघालं का?"

"निघालं," ती म्हणाली. नखं अजून लालच होती.