बोनेटवरचा बगळा

मित्रांनो, मी एक जुना बगळा आहे. खरे तर मी राजहंस. विलायतेतल्या ज्या गाड्यांच्या कंपनीने मला घडवले, ती शंभर वर्षे मला राजहंसच म्हणत आली. पण पनवेलच्या खाडीकाठच्या या गावात मी पहिल्यांदा आलो, तेव्हा मिठागराच्या बांधावर पांढऱ्या पक्ष्यांची रांग बसली होती. माझ्या मालकाने गाडीतून उतरून एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असे सांगून टाकले, "बगला हाय हो, आपलाच बगला!" झाले. त्या दिवसापासून माझे राजघराणे सुटले.

माझा जन्म तसा थाटाचा. तापून लाल झालेला धातू साच्यात ओतला, थंड झाल्यावर घासला, त्यावर चकचकीत मुलामा चढवला. मान पुढे काढलेली, पंख मागे फेकलेले. अशा ऐटीत मला एका काळ्याभोर गाडीच्या बोनेटवर, अगदी टोकाला बसवले. मी वारा कापायचा आणि गाडीने माझ्यामागून यायचे, असा आमचा रिवाज.

माझे मालक महादेव आयुष्यभर मिठागरात राबलेले. जमीन सरकारकडे गेली आणि मोबदला हातात आला, तेव्हा शेजाऱ्यांनी दुमजली घरे बांधली. महादेवांनी ही गाडी घेतली. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला वेड लागले. महादेव नुसते हसले.

पहिल्याच दिवशी त्यांनी आपल्या छोट्या लेकीला, भाविकाला, उचलून माझ्याजवळ धरले. वैशाखाचे ऊन होते आणि मी तव्यासारखा तापलो होतो. तिने मला घट्ट धरले आणि भोकाड पसरले. महादेवांनी तिच्या तळहातावर फुंकर घातली आणि मला दरडावले, "काय रे, माज्या पोरीला चावतोस?" मग तिची समजूत काढत म्हणाले, "रडू नको, भावू. तू सासरी जाशील ना, ती या बगल्याच्या मागं बसूनच जाशील. हा तुज्या बापसाचा सबूद."

हा शब्द तुम्ही लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढची सगळी गोष्ट त्याच्यापायी घडली आहे.

माझे चांगले दिवस पुष्कळ होते. गावातल्या कितीतरी नवरदेवांना मी मांडवापर्यंत पोहोचवले. दसऱ्याला महादेव माझ्या गळ्यात झेंडूची माळ घालत आणि अंगठ्याने कपाळावर कुंकू लावत. ते नेहमी जास्तच लागे आणि ओघळून चोचीपर्यंत येई. जत्रेत पोरे माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढत. पण मला सगळ्यात आवडायची ती सकाळ. चहा घेण्याआधी महादेव जुन्या बनियनचे फडके घेऊन यायचे आणि मला पुसायचे. पुसता पुसता घरातल्या तक्रारी सांगायचे. मी कुणाला सांगणार नाही, याची त्यांना खात्री होती.

मग महादेव गेले. त्यांच्यामागे आलेल्या पावसाळ्यात गाढी नदीचे पाणी अंगणात शिरले, गाडीच्या सीटपर्यंत चढले आणि इंजिनाने कायमचे डोळे मिटले. महादेवांचा मुलगा प्रणित याने गाडीवर ताडपत्री टाकली. तो वाईट मुलगा नव्हे. तळोज्याच्या कारखान्यांचा माल वाहणारे त्याचे ट्रक आहेत, त्यांच्यामागे तो दिवसभर धावतो. ताडपत्री पुढून फाटली आणि माझी मान बाहेर आली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. एक कावळा रोज दुपारी माझ्या डोक्यावर येऊन बसे आणि जाताना आपली आठवण ठेवून जाई. राजहंसाचा बगळा झाला, तेव्हा मी हसून घेतले होते. या वेळी मला रडू आले, पण धातूला ते जमत नाही.

अशी वर्षे गेली आणि भाविकाचे लग्न ठरले. मुलगा जवळच्या ओवे गावचा. प्रणितला बापाचा शब्द आठवला. जुनी गाडी तर उठणार नव्हती. त्याने त्याच कंपनीची नवी गाडी नोंदवली. "बगल्याचीच गाडी येनार," असे सगळ्या गावाला सांगूनही टाकले.

आणि लग्न तोंडावर आले असताना कंपनीने जाहीर केले की आता आमची ओळख नवी. राजहंस बंद. त्याच्या जागी फिकट रंगाची, बारीक, गोलगोल अक्षरे.

मित्रांनो, काय गहजब झाला म्हणून सांगू! प्रणित ओटीवर बसून फोनवरचे एकेक मोठ्याने वाचत होता आणि त्याची आई भामा तांदूळ निवडत ऐकत होती. कुणी म्हणे, हे तर साबणाच्या वडीवरचे नाव. कुणी म्हणे, दाताच्या दवाखान्याची पाटी. जगभरची माणसे माझ्यासाठी भांडत होती. ज्यांनी ही गाडी रस्त्यावरसुद्धा पाहिली नसेल, तेही गळा काढत होते. गावाच्या ग्रुपवरही तेच. मी ताडपत्रीतून ऐकत होतो आणि माझी मान आणखी ताठ होत होती. अखेर जगाला माझी किंमत कळली तर!

प्रणितने स्वतःही लिहिले आणि आईला वाचून दाखवले. "ऐक आये. 'राजहंस आमच्या काळजात आहे. हा परंपरेचा अपमान आम्ही सहन करणार नाही.' कसं हाय?"

भामाने सुपातला खडा काढून अंगणात टाकला. तो माझ्यापासून चार हातांवर पडला.

"काळजात हाय ना?" ती म्हणाली. "मंग तो बग बाहेर उबा हाय, डोक्यावर कावल्याची घान घेऊन. फोनवर रडतंस, जाऊन पुस की त्याला."

प्रणितने फोन उलटा ठेवला. थोड्या वेळाने तो बादली आणि फडके घेऊन आला, ताडपत्री बाजूला केली आणि मला पुसले. त्याला धड पुसताही येत नव्हते. पंखांखालची घाण तशीच राहिली. पण त्याचा हात त्याच्या बापासारखा होता, आणि माझ्या मानेचा सगळा ताठा त्या हाताखाली उतरला.

हळदीच्या आदल्या दिवशी नवी गाडी दारात आली. देखणी होती, खोटे कशाला बोलू? पण तिचे बोनेट टकलासारखे साफ. भामा तिच्याभोवती एक फेरी मारून आली.

"गाडी बरी हाय," ती म्हणाली. "पन तुज्या बापसाचा सबूद?"

प्रणितच्या जिवाला ते लागले. त्याने सुकापूरहून शिवा मेकॅनिकला बोलावले. शिवाने जुन्या बोनेटखाली तेल सोडले, गंजलेला स्क्रू हळूहळू फिरवला आणि मला सोडवून घेतले. इतक्या वर्षांच्या सोबतिणीच्या कपाळावर एक भोक तेवढे उरले. मग तो नव्या गाडीकडे वळला, खडूने खूण केली आणि ड्रिल हातात घेतले.

"शेट, एकदा भोक पाडलं का कंपनी हात झटकनार. बगा हां."

"पाड," प्रणित म्हणाला.

"दादा, थांब!" भाविका घरातून पळत आली. तिच्या हातांवरची मेंदी अजून ओली होती. "तिला कशाला भोक पाडतोस? ती नवी आहे, तिला तिच्या रूपात राहू दे. तिची काय चूक?"

"आनि बाबांचा सबूद?"

"बाबा म्हणाले होते, बगल्याच्या मागं बसून जाशील. मी त्याला मांडीवर घेते. मग मी त्याच्या मागंच ना?"

प्रणितने शिवाला ड्रिल ठेवायला सांगितले आणि तोंड फिरवून डोळे पुसले. भामा म्हणाली, "जा गो, घेऊन जा. तुज्या बापसाकडून तुजी पाठराखीन."

पाठराखीण म्हणजे नवरीला सासरी सोबत म्हणून जाणारी बाई. राजहंसाचा बगळा आणि बगळ्याची पाठराखीण! पण खरे सांगतो, एवढा मोठा मान मला विलायतेतही मिळाला नव्हता.

पाठवणीला मी भाविकाच्या मांडीवर होतो. नव्या गाडीत पाखरांच्या पायरवाइतकाही आवाज नव्हता. काचेतून ऊन आले आणि मी तापलो. तिच्या हाताला चटका बसला, पण तिने मला सोडले नाही. डोळ्यांतले पाणी तसेच ठेवून तिने माझ्यावर हळूच फुंकर घातली.

ओव्याला दारात तिची सासू रंभा आरती घेऊन उभी होती. "पाठराखीन कोन आली गो संगं?" तिने विचारले. भाविकाने मला पुढे केले. मागे कुणीतरी फिसकन हसले.

"बाबांच्या गाडीवरचा आहे," भाविका कशीबशी म्हणाली.

रंभा हसली नाही. तिने सुनेच्या कपाळावर कुंकू लावले, बोट पुन्हा करंड्यात बुडवले आणि माझ्या कपाळावर टेकवले. महादेव गेल्यानंतरचे ते पहिले कुंकू. तेही जास्तच लागले. चोचीपर्यंत ओघळले.

आता मी ओव्याला भाविकाच्या खिडकीत असतो. जुनी गाडी भंगारात गेली, आणि अजूनही एखाद्या दुपारी मला तिची फार आठवण येते. फोनवरचा गहजब आठवड्यात विरला. माझ्यासाठी भांडणारे दुसऱ्या कशासाठी तरी भांडू लागले. प्रणित मात्र आता रोज सकाळी चहाआधी जुन्या बनियनचे फडके घेऊन नव्या गाडीची ती गोल अक्षरे पुसतो, असे भामा भाविकाला फोनवर सांगते. ऐकून मला त्या अक्षरांचा राग येत नाही. त्यांचेही कुणीतरी आहे.

मित्रांनो, जुन्या गोष्टींसाठी बोलू नका असे मी म्हणत नाही. खुशाल बोला. पण तुमच्याही अंगणात, माळ्यावर, कपाटामागे कुणीतरी मान बाहेर काढून उभे असेल. आधी त्याच्याकडे जा. आणि जाताना फडके घेऊन जा.